दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटाचे आद्य निर्माते, दिग्दर्शक व तंत्रज्ञ होते. त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते. १९१३ साली प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' हा भारतात तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट त्यांनी निर्माण केला. नाशिक येथे त्यांनी चालवलेला स्टुडिओ ही चित्रपटनिर्मितीची देशातील पहिली नियमित कार्यशाळा म्हणता येईल. ज्या धंद्याला नाव, प्रतिष्ठा किंवा शाश्वती नव्हती, त्या धंद्यात फाळके यांनी माणसे जमवली, शिकवली आणि टिकवली. आयुष्यात ते स्वतः सरकारी नोकर, भागीदार, मालक आणि पुन्हा दुसऱ्याच्या संस्थेतील अधिकारी अशा सर्व भूमिकांतून गेले. त्यामुळे त्यांचे चरित्र हे भारतातील एका नव्या उद्योगातील मालक व कामगार यांच्या संबंधांचेही चरित्र आहे.

प्रारंभिक जीवन

फाळके यांचा जन्म नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री फाळके हे संस्कृतचे पंडित होते. आईचे नाव द्वारकाबाई. दाजीशास्त्री यांची मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराज यांनी सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला व तेथे चित्रकलेचे शिक्षण घेतले. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली त्रिभुवनदास गज्जर यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत कला आणि उद्योग एकत्र शिकवले जात. तैलरंगातील चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला आणि छायाचित्रण या विषयांत फाळके यांनी येथे गती मिळवली. गज्जर यांनी त्यांची हुशारी ओळखून संस्थेतील छायाचित्रणाची साधने त्यांना मोकळेपणाने वापरू दिली. शिकणाऱ्याच्या हाती साधन देऊन शिकवण्याची हीच रीत पुढे फाळके यांनी आपल्या स्टुडिओत चालवली.

त्यानंतर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून व्यवसाय केला. १९०० सालच्या प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दगावले. या काळात त्यांनी जादूचे प्रयोगही आत्मसात केले आणि आपले आडनाव उलट करून प्रोफेसर केळफा या नावाने ते करून दाखवले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा होते. सासरी त्या सरस्वतीबाई झाल्या. त्यांचे माहेर किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातले होते.

सरकारी नोकरी व छापखाना

१९०३ साली फाळके यांना भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व नकाशाकार म्हणून नोकरी लागली. नियमित पगाराची व मानाची ही जागा होती. मात्र बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी चळवळीने जोर धरला, तेव्हा १९०६ च्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला. नंतर त्यांनी लोणावळा येथे फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स हा छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळामुद्रणाचे कामही त्यांनी केले. हा छापखाना पुढे मुंबईस आला आणि पुरुषोत्तम मावजी यांच्या भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने चालू लागला. रंगीत छपाईची आधुनिक यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीस जाऊन आले.

छापखान्याचा व्यवसाय भरभराटीस आला असतानाच कारभारावरून भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके बाहेर पडले. आपल्या वाट्याच्या लाभासाठी ते अडून बसले नाहीत. दुसरा छापखाना काढून देण्याचे प्रस्ताव त्यांच्याकडे आले, पण त्यांनी ते घेतले नाहीत. हातातील कामावर स्वतःचा अधिकार नसेल, तर पैशासाठी तेथे राहायचे नाही हा त्यांचा स्वभाव या प्रसंगी प्रथम स्पष्ट झाला. काही वर्षांनी, त्याहून मोठ्या संस्थेत, तो पुन्हा दिसणार होता.

चित्रपटाकडे

१९११ साली मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. अशाच रीतीने राम व कृष्ण पडद्यावर आणता येतील, असे त्यांच्या मनाने घेतले. अहोरात्र चित्रपट पाहण्याने व अभ्यासाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती. उपचारानंतर ती सुधारली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे बायोस्कोप या साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांनी त्यांना मदत केली आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम प्रत्यक्ष पाहण्याची संधी त्यांना मिळाली. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये परतले व त्यांनी फाळके फिल्म्स कंपनी स्थापन केली. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपणारा छोटा चित्रपट तयार केला.

'राजा हरिश्चंद्र' आणि पहिला चमू

'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीत यंत्रांपेक्षा माणसे मिळवणे अधिक अवघड ठरले. देशात चित्रपटाचे काम येणारा कोणी नव्हता. छायालेखनासाठी फाळके यांनी त्र्यंबक तेलंग यांना घेतले आणि कॅमेरा चालवण्यास स्वतः शिकवले. नटांसाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, पण तीतून मनाजोगते उमेदवार मिळाले नाहीत. नाटकातील अनुभवी नट दत्तात्रय दामोदर दाबके यांची हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी निवड झाली. तारामतीच्या भूमिकेसाठी कोणतीही स्त्री तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहातील स्वयंपाकी अण्णा साळुंके यांना फाळके यांनी निवडले. साळुंके यांना तेथे दरमहा दहा रुपये मिळत. फाळके यांनी पंधरा रुपये देऊ केले. रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली.

त्या काळी चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई. म्हणून विचारणाऱ्यांना आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगावे, अशी सूचना फाळके यांनी आपल्या माणसांना दिली होती. स्त्रीभूमिकेसाठी मिशी काढणेही नटांना जड जाई, कारण वडील हयात असता मिशी काढणे अशुभ समजले जात असे. त्यांच्या घरच्यांची समजूत घालण्याचे कामही फाळके यांनाच करावे लागले. वांगणी येथे बाह्यचित्रण करण्यासाठी पुढे गेलेल्या मंडळींना तलवारी व भाल्यांमुळे दरोडेखोर समजून पोलिसांनी अडकवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. फाळके तेथे पोहोचल्यावर खुलासा होऊन त्यांची सुटका झाली.

चित्रीकरण दादर येथील बंगल्यात चाले आणि सर्व मंडळी तेथेच जेवत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. याखेरीज फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित करणे आणि फिल्म जोडणे ही कामेही त्या करीत. भारतातील पहिल्या चित्रपट तंत्रज्ञ स्त्रियांत त्यांची गणना होते. तथापि, पगारपत्रकात त्यांचे नाव नव्हते. पैशाची चणचण भासली तेव्हा त्यांनी अंगावरील दागिनेही पुढे केले.

या कुटुंबवत्सल पद्धतीला कठोर बाजूही होती. चित्रीकरणात भालचंद्र डोक्याला दुखापत होऊन बेशुद्ध पडला असता, रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग त्याच अवस्थेत चित्रित करून घेतल्याची आठवण सांगितली जाते. काम पुढे ढकलल्यास होणारा खर्च परवडणारा नव्हता. स्वतःकडून व घरच्यांकडून फाळके जेवढी झीज अपेक्षित ठेवीत, तेवढीच इतरांकडूनही ठेवीत.

सहा महिने व सत्तावीस दिवसांत ३७०० फूट लांबीचा हा चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी व ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात जनतेसाठी तो दाखवण्यात आला.

नाशिकचा स्टुडिओ

'राजा हरिश्चंद्र'च्या यशानंतर १९१३ सालीच फाळके यांनी आपला कारभार नाशिक येथे हलवला. गोदावरीचे घाट, जुनी देवळे, डोंगर आणि जवळचे त्र्यंबकेश्वर यांमुळे पौराणिक कथांना लागणारी पार्श्वभूमी येथे सहज उपलब्ध होती. 'मोहिनी भस्मासुर' या पुढील चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया होत. कमलाबाई पुढे विवाहानंतर कमलाबाई गोखले या नावाने रंगभूमीवर गाजल्या. त्यानंतर १९१४ साली 'सत्यवान सावित्री' तयार झाला.

नाशिकच्या स्टुडिओची घडी मराठी नाटक मंडळींच्या बिऱ्हाडासारखी होती. नाटक मंडळीत मालक, नट, वादक व कामगार एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि पगाराइतकेच खाणे, राहणे व शिक्षण हेही मोबदल्याचे भाग समजले जात. सरस्वतीबाईंच्या माहेरामुळे फाळके यांना ही पद्धत जवळून परिचित होती. तिची मर्यादाही त्याच वर्षी महाराष्ट्राने पाहिली. व्यवस्थापनाशी न पटल्यामुळे बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली.

नाशिकला कामाची विभागणी कडक नव्हती. नट गरजेप्रमाणे पडदे रंगवी, सामान वाही किंवा प्रयोगशाळेत मदत करी. त्यामुळे एकाच माणसाला अनेक कामे येऊ लागली. याचे ठळक उदाहरण अण्णा साळुंके यांचे आहे. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. पुढे ते छायालेखक झाले आणि मूकपटांच्या अखेरपर्यंत त्यांनी या व्यवसायात काम केले. दरमहा पाच रुपये अधिक मिळतात म्हणून आलेला स्वयंपाकी एका नव्या कलेचा जाणकार होऊन राहिला. गजानन वासुदेव साने हे नटही पुढे दिग्दर्शक झाले. १९१७ साली फाळके यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा माहितीपर लघुपट काढला. त्यात नाशिकच्या स्टुडिओतील काम आणि नटांना सूचना देणारे फाळके दिसतात. आपले काम गुप्त न ठेवता दाखवावे व शिकवावे ही त्यांची वृत्ती त्यातून प्रकट होते.

अर्ध्या पगाराचा काळ

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या तांत्रिक कौशल्याची प्रशंसा झाली. हेपवर्थ यांनी इंग्लंडमध्ये राहून भारतीय विषयांवर चित्रपट काढण्याचा प्रस्ताव दिला. त्यात दरमहा ३०० पौंड वेतन व नफ्यातील वाटा देऊ केला होता. फाळके यांनी तो नाकारला. भारतात स्वतःचा उद्योग उभा करावा हा त्यांचा संकल्प होता आणि नाशिकला त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसे होती.

याच सुमारास पहिले महायुद्ध सुरू झाले. कच्च्या फिल्मचा पुरवठा अनिश्चित झाला व भांडवलदारांनी हात आखडता घेतला. स्टुडिओ बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा कामगारांनी अर्ध्या पगारावर काम करण्याचे मान्य केले. त्यांपैकी पुष्कळांनी नातेवाइकांचा रोष पत्करून हे काम धरले होते, आणि शिकलेले कौशल्य वापरता येईल अशी दुसरी जागाही देशात फारशी नव्हती. त्यामुळे केवळ मालकावरील प्रेमाने ते राहिले असे म्हणता येणार नाही. तरी मालकाच्या घरातही तीच ओढाताण आहे आणि घरातील दागिने विकले जात आहेत, हे ते डोळ्यांनी पाहत होते. या काळात फाळके यांनी लघुपट काढून व ठिकठिकाणी खेळ करून कर्ज आणि खर्च भागवला.

१९१७ साली 'लंकादहन' प्रदर्शित झाला आणि त्याला अभूतपूर्व यश मिळाले. या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागत असे सांगतात. नोव्हेंबर १९१७ पासून नवयुग मासिकात फाळके यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहून आपले अनुभव नोंदवले.

हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी

'लंकादहन'नंतर भांडवल देणारे पुढे आले. १ जानेवारी १९१८ रोजी वामन श्रीधर आपटे, लक्ष्मण बळवंत फाटक, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग व गोकुळदास दामोदर यांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी नाशिक येथे स्थापन झाली. फाळके हे कार्यकारी भागीदार होते, तर व्यवस्थापन आपटे यांच्याकडे होते. जुनी फाळके फिल्म्स कंपनी विसर्जित होऊन तिची यंत्रसामग्री व कामगार नव्या कंपनीकडे आले.

आरंभीचे यश मोठे होते. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) व 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटांत फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली आणि दोन्ही चित्रपट लोकप्रिय झाले. कामगारांना पगाराची शाश्वती आली. पण खर्च, वेळ आणि दर्जा यांबाबत फाळके व इतर भागीदार यांच्यात वाद होऊ लागले. एखादे दृश्य मनासारखे होईपर्यंत पुन्हा पुन्हा चित्रित करण्याची फाळके यांची सवय होती. हिशेब ठेवणाऱ्यांना ती उधळपट्टी वाटे. त्यांनी शिकवलेली माणसे आता तयार झाली आहेत, तेव्हा त्यांच्यावाचूनही चित्रपट निघू शकतील, असाही विचार भागीदारांत बळावला.

फाळके यांचे यश अशा रीतीने त्यांच्याच विरुद्ध गेले. शिकवण्यात त्यांनी हात राखला नव्हता. त्यामुळेच ते अनावश्यक ठरू लागले. दुसरीकडे, भागीदारांशी तडजोड करण्याची तयारी त्यांच्यातही नव्हती. आपल्या कंपनीत सर्व निर्णय स्वतः घेणाऱ्या माणसाला हिशेब मागणारे सहकारी सोसले नाहीत. १९१९ च्या अखेरीस त्यांनी चित्रपटसंन्यास जाहीर केला आणि कुटुंबासह ते काशीस गेले.

काशी आणि पुनरागमन

काशीच्या वास्तव्यात फाळके यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. त्यात तत्कालीन नाट्यव्यवसायावर टीका होती. १९२२ साली ते मुंबईत रंगमंचावर आले, पण त्याला फारसे यश मिळाले नाही. दरम्यान संदेश पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी फाळके यांनी परत यावे म्हणून लेखन केले व वाचकांची पत्रे छापली.

नाशिकच्या कंपनीत साने व इतर मंडळी चित्रपट काढीत होती. प्रशिक्षित चमू, यंत्रे व भांडवल सर्व जागेवर होते, तरी पूर्वीचा प्रभाव राहिला नाही आणि कंपनी आर्थिक अडचणीत आली. अखेर आपटे यांनी फाळके यांना परत बोलावले. ते निर्मितीप्रमुख व तांत्रिक सल्लागार म्हणून रुजू झाले. जी संस्था त्यांच्या नावावर उभी राहिली, तिथे आता ते नियुक्त अधिकारी होते. पुढील काळात त्यांनी अनेक चित्रपट केले, पण आरंभीच्या चित्रपटांची लोकप्रियता त्यांना लाभली नाही. मतभेदांचे प्रसंगही पुन्हा आले. बदललेली प्रेक्षकांची आवड, मुंबई व कोल्हापूर येथील नव्या संस्थांची स्पर्धा आणि अंतर्गत ताण अशी त्याची अनेक कारणे होती.

उत्तरायुष्य

'सेतुबंधन' हा फाळके यांचा अखेरचा मूकपट. तो पूर्ण होईपर्यंत बोलपटांचे युग सुरू झाले होते, त्यामुळे नंतर त्याला ध्वनीची जोड देण्यात आली. हिंदुस्थान कंपनीही याच संक्रमणकाळात बंद पडली. कोल्हापूर सिनेटोन या संस्थेसाठी त्यांनी 'गंगावतरण' (१९३७) हा आपला एकमेव बोलपट दिग्दर्शित केला. त्यानंतर ते नाशिकला निवृत्त झाले.

१९३९ साली मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. त्या प्रसंगी व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने चित्रपट व्यावसायिकांनी फाळके यांच्यासाठी निधी जमवला. ज्या उद्योगात तोवर हजारो माणसे पगारावर काम करू लागली होती, त्याच्या संस्थापकाला उतारवयात आधार मिळाला तो हक्काच्या तरतुदीतून नव्हे, सहकाऱ्यांच्या सद्भावनेतून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपटनिर्मितीवर सरकारी नियंत्रण होते. फाळके यांनी नव्या चित्रपटासाठी मागितलेली परवानगी नाकारण्यात आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

फाळके यांनी सुमारे ९५ चित्रपट व २६ लघुपट निर्माण केल्याचे मानले जाते. चित्रपट कलेइतकेच त्यांचे संस्थात्मक कार्यही महत्त्वाचे आहे. मासिक पगारावरील कायम चमू, एकाच आवारात सर्व खाती आणि कामातूनच प्रशिक्षण ही नाशिकला रुजलेली पद्धत पुढे प्रभात फिल्म कंपनीसारख्या संस्थांत अधिक शिस्तबद्ध रूपात दिसते. तेथेही मालक-भागीदारांतील बेबनाव टळला नाही. शांताराम यांनी १९४२ साली प्रभात सोडली.

नाशिकच्या अनुभवातून दोन परस्परपूरक गोष्टी दिसतात. अपुऱ्या व अनियमित पगारातही माणसे फाळके यांच्याकडे राहिली, कारण त्यांना नवी विद्या मिळत होती, पंगतीला जागा होती आणि तोट्याचा भार मालकही उचलत होता. उलट, भांडवल व शाश्वती आल्यानंतर खुद्द फाळके टिकले नाहीत, कारण कामावरील त्यांचा अधिकार गेला. या पद्धतीतील उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. सरस्वतीबाईंच्या श्रमांना मोबदला नव्हता, कामगारांच्या भवितव्याची लेखी तरतूद नव्हती आणि सर्व काही एका व्यक्तीच्या शब्दावर चाले.

सन्मान व स्मारके

भारत सरकारने १९६९ पासून चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान म्हणून दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. देविका राणी या त्याच्या पहिल्या मानकरी होत. नाशिक येथे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक उभारण्यात आले आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीवर आधारित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा परेश मोकाशी दिग्दर्शित मराठी चित्रपट २००९ साली तयार झाला. कामगारांनी आपल्या व्यवसायासाठी वापरलेले आडवळणी नावच त्याच्या शीर्षकात आले आहे.